अंधाऱ्या दालनातील रुपेरी विमान

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर त्याचे नाव आले असेल. तथापि नोकरीसाठी विमानाने आखातात गेलेल्या आपल्या गावच्या प्रत्येक मुलावर या शहराचे थोडेबहुत ऋण आहे. कारण विमानाचे जनक विल्बर व ऑर्व्हिल राइट हे बंधू येथले. त्यांचे वडील मिल्टन राइट एका प्रॉटेस्टंट पंथाचे बिशप होते. मुलांनी मात्र सायकली विकण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा पत्करला आणि त्याच दुकानात बसून उडण्याचे यंत्र जुळविले.

या बंधूंविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती ही की ते छायाचित्रणाचे मोठे नादी होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी काचा धुण्यासाठी अंधारखोली केली होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर त्यांचे यंत्र प्रथम जमिनीवरून उठले, ते अवघे १२ सेकंद. परंतु त्या क्षणाचे छायाचित्र आज जगापुढे आहे, कारण उड्डाणापूर्वी ऑर्व्हिल यांनी तिपाईवर कॅमेरा उभारून, यंत्र जेथे उठेल असा अंदाज होता तेथे रोखून ठेवला होता. समुद्रकिनाऱ्यावरील जीवरक्षक ठाण्यातील जॉन डॅनियल्स या माणसाच्या हाती त्यांनी रबराचा फुगा दिला आणि यंत्र उठताच तो दाबावा असे सांगितले. डॅनियल्स यांनी आयुष्यात कॅमेरा हाताळला नव्हता. त्या गडबडीत फुगा दाबला की नाही, हेही त्यांना नीटसे आठवेना! ती काच डेटनला आणून अंधारखोलीत धुतली, तेव्हा चित्र उमटलेले दिसले. पुढे १९१३ सालच्या महापुरात राइट यांच्या काचा पाण्याखाली गेल्या व या काचेच्या एका कोपऱ्यास इजा झाली. पण यंत्र व माणसे शाबूत राहिली. विमान आणि कॅमेरा यांची सोयरीक इतकी जुनी आहे.

अशा या शहराच्या शिवेवर अमेरिकन विमानदलाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९२३ सालची; सध्याच्या जागी ते १९७१ पासून आहे. राइट बंधू ज्या हफमन कुरणात १९०४ व १९०५ साली गुरे बाजूला हाकून उड्डाणाचा सराव करीत, ते कुरण याच विमानतळाच्या हद्दीत येते. लढाऊ विमानांचे याहून मोठे व जुने संग्रहालय जगात नाही. विमाने व क्षेपणास्त्रे मिळून ३५० हून अधिक वस्तू येथे आहेत, आणि प्रवेशास एक पैसाही पडत नाही.

२०२५ च्या जुलै महिन्यात ओहायोतील एका पॅरिशचे धर्मगुरू रजेवर असता त्यांच्या जागी काही आठवडे काम पाहण्याचे आमच्या वाट्यास आले. आम्हांस छायाचित्रणाची हौस आहे, हे तेथील मंडळींस लवकरच कळले. पॅरिशमधील एक वयोवृद्ध गृहस्थ पूर्वी विमानदलात यंत्रकारागीर होते. ते एका सकाळी मिस्सा आटोपताच आपली मोटार घेऊन दारात आले व म्हणाले, "फादर, आज कॅमेरा घ्या, पण उजेडाची आशा धरू नका."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ आत पाऊल टाकताच कळला. चार प्रचंड इमारती, प्रत्येकीचे छप्पर पिंप उभे चिरून पालथे घालावे तसे कमानदार. आणि आत संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी असतो तेवढाच प्रकाश. एप्रिलच्या भर दुपारी जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेच्या दारातून आत जावे आणि क्षणभर बाक कोठे नि वेदी कोठे हे उमजू नये, तशी आमची अवस्था झाली. थोड्या वेळाने डोळे निवले. डोक्यावर टांगलेली विमाने दिसू लागली, मग जमिनीवरची, मग त्यांच्यामधून सावल्यांसारखी हिंडणारी माणसे.

हा अंधार कंजूषपणाचा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसविलेले व वर लेप दिलेले कापड. उजेड कापडाला खातो, रंगाला खातो, चामड्याला तडे पाडतो. सॅक्रिस्टीच्या खिडकीपाशी टांगलेल्या मिस्साच्या झग्याची उन्हाकडची बाजू कशी विटते, हे आमच्या वेदीसेवकांना ठाऊक आहे. जी वस्तू शंभर वर्षे टिकवायची तिच्यावर प्रकाश मोजून टाकावा लागतो. दुसरे कारण दिखाव्याचे आहे, आणि ते आम्हांस तितकेसे रुचले नाही. काळोखात दोनचार झोत सोडले की कोणतीही वस्तू भव्य दिसते. नाटकवाल्यांना हे ठाऊक असते, संग्रहालयवाल्यांनाही असावे.

आता छायाचित्राचे. आपल्या गावांतील पुष्कळ तरुण लग्नाकार्यांत छायाचित्रे घेतात, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. ज्यांना या विषयाचे वावडे असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल ओलांडावेत. कॅमेऱ्यात प्रकाश घेणे हे नळावर हंडा भरण्यासारखे आहे. नळ बारीक वाहत असेल तर तीनच उपाय: तोटी मोठी करावी, नळ अधिक वेळ सोडून ठेवावा, किंवा थोडक्या पाण्यावर भागवावे. भिंगाचे तोंड मोठे करणे ही मोठी तोटी. पण मग समोरचे नाक स्पष्ट येते आणि मागची शेपटी धुरकट होते. थोडक्या पाण्यावर भागविणे म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ज्याला आय.एस.ओ. म्हणतात, ती वाढविणे. त्याने चित्रावर रवाळ दाणे उमटतात. राहिला तिसरा उपाय, शटर अधिक वेळ उघडे ठेवणे. हा सर्वांत प्रामाणिक, परंतु माणसाचा हात एका सेकंदाच्या पंधराव्या भागापुढे स्थिर राहणे अवघड. झोतदिवा, म्हणजे फ्लॅश, अशा ठिकाणी निरुपयोगी होय. त्याची धाव चारपाच पावलांची. तेवढ्यात तो समोरच्या पाटीवर किंवा घासलेल्या पत्र्यावर आपटून परत फिरतो आणि मागचे शंभर फुटी विमान काळोखात राहते ते राहतेच. हल्लीचे मोबाईल फोन चारसहा चित्रे भराभर घेऊन त्यांची आपसांत मोट बांधतात व रात्रीचा दिवस करतात. ते पाहण्यास बरे वाटते, पण जो प्रकाश तेथे होता तो त्यात राहत नाही.

आमच्याजवळ तिपाई नव्हती. एक जाड कापडी पिशवी होती. आमच्या भगिनीने ती शिवून दिली होती. ओहायोतील वाण्याच्या दुकानात दोन पौंड वाटाणे घेऊन आम्ही ती भरली. ही वाटाण्यांची उशी जमिनीवर, बाकावर वा जिन्याच्या पायरीवर टाकावी, तीत कॅमेरा रुतवावा, बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांनी आपोआप उघडणारी कळ लावावी आणि हात काढून घ्यावा. मग एक सेकंद, दोन सेकंद, हवे तर चार सेकंद प्रकाश आत झिरपू द्यावा. दिव्यांच्या रंगाचीही एक पंचाईत असते. एका झोताचा प्रकाश पिवळा, शेजारच्याचा निळसर. आपला डोळा दोन्ही पांढरे मानून चालतो. कॅमेरा मानीत नाही. यासाठी आम्ही प्रत्येक दालनात प्रथम आमच्या पांढऱ्या रुमालाचे चित्र घेत असू आणि तो पांढरा दिसेल अशा बेताने कॅमेरा जुळवीत असू. पाहणाऱ्यांची थोडी करमणूक झाली खरी.

या रीतीने आम्ही दालनांमागून दालने फिरलो. सर्व सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. बी-छत्तीस नावाचे बॉम्बफेकी विमान ७० मीटर रुंद आहे. मागे सरावे तर पाठ दुसऱ्या विमानाला लागते, म्हणून ते आमच्या संग्रहात तुकड्यातुकड्यांनीच आले. एस.आर.-एकाहत्तर हे काळेकुट्ट हेरविमान काळ्या पार्श्वभूमीवर उभे आहे. त्याचे चित्र म्हणजे केवळ कडांवरील उजेडाची एक रेघ. चौथी इमारत २०१६ साली उघडली, तीत राष्ट्राध्यक्षांची विमाने आहेत. त्यांपैकी एकात आत शिरून चालता येते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसहून जॉन केनेडी यांचा मृतदेह याच विमानाने राजधानीस नेला. शवपेटी सामानाच्या कप्प्यात ठेवावी लागू नये म्हणून विमानातील कामगारांनी मागच्या आसनांच्या ओळी उपटल्या व एक आडभिंत कापली. जागा इतकी अरुंद की एक माणूस कसाबसा जातो. अमेरिकेच्या त्या पहिल्या कॅथलिक अध्यक्षाची पेटी जेथे ठेवली होती तेथे आम्ही क्रूसाची खूण केली. मागे रांग उभी होती, म्हणून छायाचित्र घेतले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात मात्र आमचे पाय थांबले. तेथे सगळी विमाने हिरवी, तपकिरी, मळकट. आणि त्यांच्या मध्ये एक लखलखीत रुपेरी विमान उभे आहे. बी-एकोणतीस जातीचे, पंखांची रुंदी ४३ मीटर, लांबी ३० मीटर, चार एंजिने, नाक संपूर्ण काचेचे. अंगावर रंग नाही, नुसते घासलेले अॅल्युमिनियम. अंधुक दालनातला प्रत्येक दिवा त्याच्या अंगावर आरशासारखा उमटतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने त्या संग्रहालयात याहून सुंदर वस्तू नाही, हे आम्ही कबूल करतो.

त्याचे नाव बॉक्सकार. फ्रेडरिक बॉक हे त्याचे नेहमीचे वैमानिक. त्यांच्या नावावर कोटी करून मालगाडीच्या बंद डब्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच विमानाला दिला. नाकाच्या बाजूस रुळांवरून धावणारा पंखवाला डबा रंगविलेला आहे आणि दोन स्थानकांची नावे: सॉल्ट लेक व नागासाकी. हे चित्र कामगिरी झाल्यानंतर काढलेले आहे. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकला तो या विमानाने. १९६१ पासून ते या संग्रहालयाच्या ताब्यात आहे. शेजारी त्या बॉम्बच्या आकाराचे एक कवच ठेवले आहे. साडेतीन मीटरांच्या आतबाहेर लांब, दीड मीटर जाड, एखाद्या पिवळ्या भोपळ्यासारखे फुगीर.

त्या दिवसाची हकिगत पुष्कळांना अर्धवटच माहीत असते. बॉम्ब नागासाकीसाठी निघालेला नव्हता. पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. टिनियन बेटावरून पहाटे निघाल्यावर बॉक्सकारने ठरलेल्या जागी सोबतच्या दोन विमानांची वाट पाहिली. एक आले. दुसरे, जे छायाचित्रे घेण्यासाठीच नेमलेले होते, ते आलेच नाही. त्यात सुमारे अर्धा तास गेला. शिवाय एका पंपाच्या बिघाडामुळे राखीव टाकीतील इंधन वापरता येईना. आज्ञा अशी होती की लक्ष्य डोळ्यांनी दिसल्याखेरीज बॉम्ब सोडू नये. कोकुऱ्यावर ढग व धूर होता. तीन घिरट्या घातल्या, तीनही वेळा लक्ष्य दिसले नाही. तेव्हा वैमानिक मेजर चार्ल्स स्वीनी यांनी नागासाकीची वाट धरली. तेथेही ढगच होते. अखेरच्या क्षणी ढगांत एक खिंडार पडले, खाली जमीन दिसली, आणि बॉम्ब सुटला. ११ वाजून २ मिनिटांनी, जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, तो फुटला. शहराच्या मध्यावर पडावयाचा तो सुमारे तीन किलोमीटर बाजूला, उराकामीच्या खोऱ्यावर फुटला. त्या खोऱ्यात युद्धसाहित्याचे कारखाने होते हे खरे. त्याच खोऱ्यात जपानमधील सर्वांत मोठी कॅथलिक वस्तीही होती.

उराकामी हे नाव आपल्या लोकांना परके वाटू नये, म्हणून थोडे मागे जातो. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांचा सण आपण मोठ्या अभिमानाने साजरा करतो, ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधू व दुभाषी म्हणून जपानात होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीतील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढविले, त्यांत ते एक. आपल्या मराठी मुलखातल्या मातीचा माणूस त्या टेकडीवर रक्त सांडून गेला. पुढे १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू नाहीत, मिस्सा नाही, चर्च नाही, अशा स्थितीत उराकामीच्या शेतकऱ्यांनी अडीचशे वर्षे आपला विश्वास घरातल्या घरात जपला. बाप मुलाला बाप्तिस्मा देई, आई मुलीला प्रार्थना शिकवी. १८६५ साली नागासाकीत परदेशीयांसाठी ओउरा येथे चर्च बांधले गेले. तेव्हा १७ मार्चला उराकामीची काही माणसे भीत भीत आत आली. एका बाईने फादर पेतिजाँ यांच्या कानाशी लागून सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. हे उघडकीस येताच सरकारने गावातील तीन हजारांहून अधिक लोकांना परमुलखात हद्दपार केले. त्यांतील सहाशेहून अधिक तेथेच मेले. १८७३ मध्ये बंदी उठली. उरलेले परत आले. ज्या जमीनदाराच्या वाड्यात त्यांच्या पूर्वजांना दरवर्षी पवित्र प्रतिमेवर पाय देण्यास भाग पाडीत, तीच जागा विकत घेऊन त्यांनी विटांचे चर्च उभारण्यास आरंभ केला. काम १८९५ ला सुरू झाले, चर्च उभे राहिले १९१४ ला, दोन मनोरे चढले १९२५ ला. पूर्व आशियात त्या काळी एवढे मोठे चर्च नव्हते.

बॉम्ब फुटला तेथून हे चर्च सुमारे ५०० मीटरांवर होते. १५ ऑगस्टचा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण तोंडावर आला होता. दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत बसले होते आणि भाविक रांगेत होते. त्यांतील कोणीही वाचले नाही. उराकामी पॅरिशमध्ये सुमारे १२,००० माणसे होती. त्यांपैकी सुमारे ८,५०० गेली. नागासाकी शहराच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षाखेरपर्यंत एकूण मृतांची संख्या सुमारे ७४,००० झाली. ताकाशी नागाई नावाचे कॅथलिक डॉक्टर तेथील वैद्यकीय महाविद्यालयात होते. ते आपल्या घराच्या जागी परतले, तेव्हा राखेत त्यांना पत्नी मिदोरी यांची हाडे सापडली आणि हाडांपाशी वितळलेली जपमाळ. मिदोरी याच उराकामीच्या, ज्यांनी अडीचशे वर्षे प्रार्थना जपली त्या कुळातल्या. नागाई स्वतः १९५१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारले.

छायाचित्रांविषयी लिहीत आहोत, म्हणून एक नाव येथे सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, योसुके यामाहाता नावाचे लष्करी छायाचित्रकार पहाटेच्या अंधारात नागासाकीत पोचले आणि दिवसभरात त्यांनी शंभराहून अधिक चित्रे घेतली. त्यांना प्रकाशाची वाण नव्हती. आडोसा करणारी भिंतच कोठे उरली नव्हती. अमेरिकन अंमल १९५२ मध्ये संपेपर्यंत जपानी जनतेस ही चित्रे मोकळेपणी पाहता आली नाहीत. चित्रे घेण्यासाठी नेमलेले विमान वाट चुकले, आणि जमिनीवरून पायी चालणाऱ्या एका माणसाने ते काम केले.

हे सर्व आमच्या मनात घोळत असता आमचे वृद्ध सोबती शेजारी उभे होते. आम्ही बराच वेळ कॅमेरा पिशवीतून काढला नाही, हे त्यांनी ओळखले. ते म्हणाले, "फादर, माझे वडील त्या वर्षी पॅसिफिक महासागरात होते. जपानवर उतरण्याची त्यांची पाळी येणार होती. या विमानामुळे ते घरी आले, म्हणून मी जन्मलो. मी याला शिव्या देऊ शकत नाही." त्यांच्या बोलण्यात बढाई नव्हती. अशा घरांची संख्या त्या देशात लाखांनी मोजावी लागेल, आणि त्यांच्या कृतज्ञतेला खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. मेजर स्वीनी स्वतः कॅथलिक होते. २००४ साली वारले तोपर्यंत त्यांनी आपल्या कामगिरीचे समर्थनच केले. त्याच बेटावर त्या दलाची आत्मिक सेवा करणारे कॅथलिक धर्मगुरू फादर जॉर्ज झाबेल्का यांची वाट निराळी झाली. नागरिकांच्या संहाराविरुद्ध आपण त्या वेळी एक शब्दही उच्चारला नाही, याचा त्यांनी पुढे जाहीर पश्चात्ताप केला आणि १९९२ मध्ये मरण येईपर्यंत शांतीचा प्रचार केला. आम्ही सोबत्यांना एवढेच म्हणालो, "तुमचे वडील घरी आले याबद्दल मीही देवाचे आभार मानतो. पण पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडे बंदुका नव्हत्या." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, शहरेच्या शहरे रहिवाशांसकट सरसकट उद्ध्वस्त करणारे कृत्य हा देव व मानव या दोहोंविरुद्ध गुन्हा होय, असे निःसंदिग्ध ठरविले. त्यात बाजू कोणाची हा प्रश्न येत नाही. सोबत्यांनी यावर मान हलविली. होकार की नकार, ते अंधारात आम्हांस दिसले नाही. मग त्यांनीच आमच्या हातातून वाटाण्यांची पिशवी घेतली आणि ती कोठे ठेवू असे विचारले.

चित्र घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आमच्यापुढे होता. चांगले छायाचित्र वस्तूला सुंदर करते, आणि हे विमान तर आधीच सुंदर दिसत होते. खालून, नाकासमोरून घेतले तर ते गगनभेदी वीरासारखे येई. भिंतीवरल्या दिनदर्शिकेला शोभावे असे. आम्ही ती जागा सोडली. बाजूला सरकून, नाकावरील रंगविलेला डबा व नागासाकी ही अक्षरे वाचता येतील आणि खालचे फुगीर कवचही चौकटीत बसेल, अशी जागा पाहिली. रुपेरी पत्र्याची एक खुबी येथे आड येते. कॅमेऱ्यातील मापक सर्व चौकटीची सरासरी काढतो. भोवती काळोख जास्त असल्याने त्याला वाटते की सगळेच अंधारात आहे, आणि तो गरजेपेक्षा जास्त प्रकाश घेतो. परिणामी पत्र्यावर जेथे दिवा उमटतो तेथे पांढरे भगभगीत डाग पडतात आणि अक्षरे पुसली जातात. म्हणून आम्ही मापकाने सांगितले त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश घेतला. शटर दोन सेकंद उघडे. अशी सहा चित्रे घेतली, त्यांतले चौथे साधले.

ते चित्र आता आमच्या टेबलावर आहे. पत्रा राखाडी दिसतो, चकाकत नाही. अक्षरे स्पष्ट आहेत. त्या वेळी विमानाभोवती निदान वीस माणसे असतील. शाळेच्या सुट्टीचे दिवस होते, लहान मुले बापाचे बोट धरून पळत होती. दोन सेकंदांत जो चालत राहतो त्याची खूण चित्रात राहत नाही, फार तर धुरासारखा एक फिकट पट्टा. विमान जसेच्या तसे उभे आहे आणि माणसे नाहीत. एकटे आमचे सोबती, दोन्ही हात पाठीशी बांधून स्थिर उभे होते म्हणून, एका कडेस ओळखू येतात.

आम्ही मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत नागासाकीहून वार्ता आली. उराकामीच्या चर्चच्या दोन घंटांपैकी मोठी घंटा १९४५ साली ढिगाऱ्यातून धडधाकट निघाली होती आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी ती वाजविली. धाकटी फुटून गेली होती. चर्च १९५९ मध्ये पुन्हा बांधले, तरी एक मनोरा मुकाच राहिला. अमेरिकेतील कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी नवी घंटा घडवून पाठविली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ११ वाजून २ मिनिटांनी, ऐंशी वर्षांनंतर दोन्ही घंटा प्रथमच एकत्र वाजल्या. आम्ही ती बातमी ओहायोतील आमच्या सोबत्यांना कळविली. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते: त्यांनी ती आधीच वाचली होती, आणि डेटनच्या छायाचित्राची एक प्रत त्यांना हवी होती. ती आम्ही पाठविली आहे.

ज्या वाचकांची मुले ओहायोत किंवा जवळच्या राज्यांत आहेत त्यांच्यासाठी एवढे सांगतो. संग्रहालय सकाळी ९ ते सायंकाळी ५ उघडे असते. आभारदिन, नाताळ व नववर्षदिन एवढे तीनच दिवस बंद. चालणे पुष्कळ होते, म्हणून पायांत जुने जोडे असावेत. तिपाई नसल्यास वाटाणे तेथे सर्वत्र मिळतात.